चार नंबरच्या टाकीतलं दूध

वाइनरीत नोकरी केलेल्या माणसाचं आयुष्य झिंगण्यात गेलं असेल असं लोकांना वाटतं. माझं थुंकण्यात गेलं. सकाळी अकराच्या सुमारास, तोंड स्वच्छ असताना, प्रत्येक टाकीतून घोटभर वाइन काढायची, उजेडात धरून बघायची, हुंगायची, तोंडात घोळवायची, बेसिनमध्ये थुंकायची आणि वहीत लिहायची. गिळायची नाही. गिळत गेलं की चौथ्या टाकीपासून पुढच्या सगळ्या टाक्या छान लागायला लागतात. माझी बायको चिटगुप्प्याच्या शाळेत शिक्षिका. शेजारणींनी माझ्या कामाबद्दल विचारलं की ती सांगायची, "ह्यांना थुंकायचा पगार मिळतो."

आधी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. मग हुमनाबादच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, एका व्यापाऱ्यानं वाइनरी काढली आणि केमिस्ट म्हणून मला बोलावलं. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. माणूस भला, पण घाईचा. एका बाजूला ट्रक दुरुस्त करणारी गॅरेजं, दुसऱ्या बाजूला धाबे आणि मधे आमच्या स्टीलच्या सहा टाक्या. पहिली दोन वर्षं तर रॉकेलचा डेपो समजून लोक डबे घेऊन यायचे.

मग दसऱ्याच्या सुट्टीत हैदराबादचे पाहुणे येऊ लागले. परदेशात द्राक्षतोडणी याच दिवसांत होते आणि त्यांनी ती टीव्हीवर बघितलेली. आमच्याकडं दसऱ्याच्या सुमारास वेलींची छाटणी चालते आणि तोडणी येते ती माघ-फाल्गुनात. त्यामुळं टोप्या घालून, कॅमेरे घेऊन आलेली मंडळी उघड्याबोडक्या वेलींसमोर उभी राहायची आणि मला विचारायची, "द्राक्षं कुठायत?" जणू मीच खाल्ली. शेवटी अण्णांनी करजगीच्या एका शेतकऱ्याला गाठून त्याच्या बागेतला एक तुकडा अवेळी, भर आषाढात छाटायला लावला. पावसानं निम्मे घड सडायचे, उरलेले आंबट निघायचे, पण दसऱ्याला वेलीवर द्राक्षं दिसायची. शनिवारी करजगीला तोडणी आणि रविवारी आमच्याकडं वाइनची चव, असा कार्यक्रम ठरून गेला. करजगीच्या त्या द्राक्षांची वाइन करायची हिंमत मी कधी केली नाही. तोडणाऱ्यांनीच ती खाऊन संपवली.

पाहुण्यांचे नमुने सांगत बसलो तर पानं पुरणार नाहीत. एक निवृत्त मुख्याध्यापक सहकुटुंब आले होते. "मी घेत नाही, मला नुसता द्राक्षांचा रस द्या," म्हणाले. दिला. एकामागून एक पाच ग्लास रस प्यायले आणि हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चढते हो थोडी." मी मान डोलावली. वयाचा मान ठेवावा लागतो.

पण आज लिहायला बसलो ते कस्तुराक्काबद्दल. माझ्या तोंडामुळं तिची नोकरी गेली होती. एका दिवसापुरतीच गेली, पण गेली.

कस्तुराक्का म्हणजे आमच्याकडं टाक्या धुणाऱ्या बायकांची मुकादम. चिटगुप्प्याजवळच्या खेड्यातली, नवरा लवकर गेलेला, घरी मुलगा-सून. वाइनरीची पहिली वीट बसली तेव्हापासून ती तिथं होती. टाकी रिकामी झाली की तळाशी गाळ राहतो, तो आत उतरून घासून काढावा लागतो. काम दिसायला साधं, पण आंबताना जो वायू तयार होतो तो जड असतो आणि रिकाम्या टाकीतही खाली साचून राहतो. माणूस आत वाकला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं, आणि तरी पहिल्याच हंगामात मी खालच्या दारातून टाकीत डोकं घालायला निघालो होतो. कस्तुराक्कानं मागून माझा शर्ट धरून ओढलं. "कामून घाई करायलाव सायेब? आधी दिवा सोडा की." तिनं दोरीला बांधलेली चिमणी आत सोडली. ती फक्कन विझली. त्यांच्याकडं पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत खोल पेवं असायची, आणि पेवात माणूस उतरायच्या आधी दिवा उतरवायची रीत होती. तीच रीत तिनं आमच्या टाकीला लावली. विज्ञान मास्तरांचा मुलगा मी, आणि जीव वाचला तो ज्वारीच्या पेवामुळं.

तिच्यावर मी ओरडलो, ते असं झालं.

त्या वर्षीची चार नंबरची टाकी बिघडली होती. पांढरी वाइन, हजार लिटर. द्राक्षं प्रेसमध्ये हलकी दाबली की गोड रस येतो, जास्त दाबली की सालीतला आणि बियांतला कडवटपणाही बाहेर येतो. फाल्गुनात प्रेस चालू असताना अण्णांनी विचारलं, "अजून थोडा रस निघंल का?" मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. मी "बघू" म्हणालो. त्या एका शब्दानं हजार लिटर वाइन गढूळ, पिवळसर आणि कडू झाली. गढूळपणा बसवायला बेंटोनाइट नावाची माती कालवतात, ती मी एकदा घालून बघितली. फारसा फरक पडला नाही. आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी हीच वाइन पाहुण्यांसमोर ठेवायची होती, कारण पांढरी दुसरी उरलीच नव्हती. महिनाभर मी त्या टाकीभोवती घिरट्या घालत होतो. घरी जेवताना भाजीसुद्धा उजेडात धरून बघायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, "आता पुरे."

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा व्हायची. टाक्यांना हळदीकुंकवाची बोटं, प्रेसला झेंडूची माळ, पंपापुढं नारळ. त्या दिवशी यंत्रांना सुट्टी, त्यांना काम लावायचं नाही हा नियम. मला मात्र रविवार दिसत होता. सकाळीच मी चार नंबरमध्ये मातीचा दुसरा हप्ता घातला आणि तो नीट मिसळावा म्हणून पंप चालू केला. पंप खालून वाइन ओढून वर सोडत राहतो, आणि सगळं ढवळलं जातं.

कस्तुराक्का दारातच थांबली. "सायेब, आजच्या दिशी तरी यंत्र बंद ठिवा. बरं न्हवं ते."

"दोन तासांचा प्रश्न आहे अक्का."

"दोन तास आसू द्या न्हाईतर दोन घडी. त्याला बी इसावा लागतो की."

मी हसून विषय टाळला आणि अण्णांच्या ऑफिसातल्या पूजेला गेलो. प्रसाद घेऊन अर्ध्या तासानं परत आलो तर चार नंबरची शिडी लावलेली, वरचं झाकण उघडं, आणि शिडीवर कस्तुराक्का. हातात पितळी चरवी, उलटी केलेली. चरवीतून शेवटचे पांढरे थेंब टाकीत पडत होते.

मला आधी कळेचना. मग कळलं. घरून आणलेलं पाच लिटर दूध तिनं माझ्या वाइनमध्ये ओतलं होतं.

मी काय काय बोललो ते सगळं इथं लिहवत नाही. "हे काय देऊळ आहे का?" असं म्हणालो एवढं आठवतं. "अडाणी" हा शब्द वापरला, तोही आठवतो. आणि शेवटी म्हणालो, "उद्यापासून येऊ नका." बाकीच्या बायका भिंतीला चिकटून उभ्या होत्या. कस्तुराक्का शिडीवरून हळूहळू उतरली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या बोलण्यानं पडला असं मला वाटलं. तिनं कमरेचा रबरी एप्रन सोडला, घडी घालून स्टुलावर ठेवला आणि एवढंच म्हणाली, "दूध नासलं, सायेब."

मी वर चढून बघितलं. खरंच नासलं होतं. वाइनवर पांढऱ्या गुठळ्या फिरत होत्या. मी पंप बंद केला, झाकण लावलं आणि घरी जाऊन न जेवता पडून राहिलो.

दसऱ्याच्या सकाळी वाइनरी बंद होती. टाकी ओतून द्यायला लागणार होती, आणि निदान हे अण्णांना सांगायच्या आधी एकदा बघावं म्हणून मी एकटाच गेलो. तोटीतून ग्लासभर वाइन काढली. खिडकीत धरली.

ग्लासातून पलीकडचा रस्ता दिसत होता. रस्त्यावरच्या लॉरीची नंबरप्लेट वाचता येत होती.

मी ती तोंडात घेतली. कडवटपणा नव्हता. म्हणजे अगदी गेला नव्हता, पण शेवटी जिभेवर रेंगाळणारी ती सालीची कडू चव गळून गेली होती. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मी खुर्चीवर बसलो आणि एकटाच मोठ्यानं हसलो. मग कपाटातून जुनं पुस्तक काढलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलेलं, मी स्वतः पेन्सिलीनं खूण केलेलं एक पान सापडलं. कडवट, पिवळसर पांढऱ्या वाइनमध्ये साय काढलेलं दूध घालून जोरात ढवळावं. आंबटपणामुळं दूध फाटतं आणि त्याच्या गुठळ्या कडवटपणाला धरून तळाशी बसतात. जुनी रीत आहे, अनेक देशांत चालते. मी खूण केली होती, आणि महिनाभर डोकं धरून बसलो होतो तेव्हा ती मला आठवली नव्हती.

एक सांगून टाकतो. कस्तुराक्काला हे ठाऊक नव्हतं. खेड्यातल्या बाईला आपोआप सगळं समजतं वगैरे मी म्हणणार नाही. ती चूकच होती. मोजमाप नाही, विचारणं नाही. फक्त नशीब म्हणून प्रमाण बरोबर पडलं, आणि मीच चालू ठेवलेल्या पंपामुळं दूध नीट ढवळलं गेलं. पण तिची चूक मला उपयोगी पडली आणि माझ्या चुकीनं तिची नोकरी गेली, एवढा हिशेब मला उमगला.

अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दूध घातलेली वाइन विकायला चालते का?"

"चालते. पण बाटलीवर तसं लिहावं लागेल. दूध न चालणारी माणसं असतात."

"मग लिहा. आणि कस्तुराक्काला तुम्हीच घालवलंय, तुम्हीच घेऊन या."

ते लिहिलेलं वाचून रविवारी एका पाहुण्यानं "वाइन आहे की लस्सी?" असं विचारलं आणि दुसरा ग्लास मागितला. रविवार पार पडला. पण त्याआधी मला दसरा पार पाडायचा होता.

बायकोनं बन्नीची पानं पिशवीत घालून दिली. बन्नी म्हणजे शमी. आमच्या भागात दसऱ्याला सोनं म्हणून हीच पानं देतात, आणि कितीही भांडण असलं तरी त्या दिवशी समोर धरलेलं पान नाकारता येत नाही. "जास्त बोलू नका," बायकोनं बजावलं. "काल पुष्कळ बोललात." मी दोन बाटल्या घेतल्या. एकीत खंडेनवमीच्या सकाळी, माती घालायच्या आधी, नमुना म्हणून काढून ठेवलेली गढूळ वाइन, दुसरीत आजची. स्कूटरवर अर्ध्या तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. वाटेत मी माफी मागायची वाक्यं पाठ करत होतो.

कस्तुराक्का अंगणात भांडी घासत होती. मला बघून उठली, हात पदराला पुसले, बाज टाकली. "बसा सायेब. पाणी घ्या." राग नव्हता, ओलावाही नव्हता. दाराशी तिची सून सविता बसली होती, डोळे सुजलेले. दसऱ्याच्या दिवशी घरात पुरणाचा वास नाही, हे माझ्या लक्षात आलं.

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य सुरू केलं, तर अक्कानंच अडवलं. "तुमचा कायबी दोष न्हाई सायेब. पाप आमच्याच घरात झालं."

"कसलं पाप?"

"तुमी यंत्र चालू ठिवलाव. म्हून मी म्हटलं, नवीन इहिरीला कसं दूध सोडतेत, तसं टाकीला सोडावं. रागावली आसंल तर निवंल. सायबाचा जीव महिनाभर थाऱ्यावर न्हाई." तिनं सुनेकडं बोट केलं. "पर हिनं त्या दुधाची साय काढून घितली. तुपाला. देवाच्या दुधाची! मला ठावच न्हाई. टाकीत पडल्याबरुबर दूध नासलं. डोळ्यांदेखत. मग मी कुठल्या तोंडानं यायचं तिथं? चौदा माणसाची रोजीरोटी हाय ती."

सविता खालमानेनं म्हणाली, "रोजच काढते की मी साय. सवयीनं काढली."

"गप ऱ्हा," अक्का म्हणाली.

तेव्हा मला कळलं, की अक्का माझ्या शब्दांनी घरी बसली नव्हती. दूध नासणं म्हणजे अपशकुन, आणि तो आपल्या घरातून गेला, या समजुतीनं बसली होती. नोकरी तिनं स्वतःच सोडून दिली होती आणि दोष सुनेच्या डोक्यावर ठेवला होता. माझी माफी तिथं कुचकामी होती.

मी पिशवीतून बाटल्या काढल्या. "सविता, एक काचेचा ग्लास आण. आणि थोडं दूध. साय काढलेलं."

अक्कानं मान फिरवली, पण नको म्हणाली नाही. शेजारच्या दोन बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मी गढूळ वाइन ग्लासात ओतली, त्यात चमचाभरही नाही एवढं दूध सोडलं आणि काडीनं ढवळलं. दूध क्षणात फाटलं.

अक्कानं पदर तोंडाला लावला. "बगा! परत नासलं."

"नासू दे. थांबा जरा."

थांबणं हे आमच्या धंद्यातलं निम्मं काम, पण ते लोकांना दाखवता येत नाही. ग्लास ओट्याच्या कडेला उन्हात ठेवला. सवितानं चहा केला. तो पिऊन झाला. मी करजगीची आंबट द्राक्षं खाऊन तोंड वाकडं करणाऱ्या पाहुण्यांची नक्कल केली, कुंपणावरच्या बायका हसल्या, अक्का हसली नाही. ती ग्लासाकडं बघत होती. दुसरा चहा आला तेव्हा गुठळ्या खाली उतरू लागल्या होत्या. वरचं बोटभर नितळ झालं, मग दोन बोटं. मी शेजारी आजची बाटली ठेवली. तिच्यातून अंगणातली तुळस दिसत होती.

"ही कालची टाकी, ही आजची," मी सांगितलं. "आंबटात दूध फाटणारच अक्का, कुणाच्याही हातचं. ते फाटलं म्हणून कडूपणाला धरून खाली बसलं. आणि साय असती ना, तर तिचा तेलकटपणा वर तरंगला असता, वास लागला असता, हजार लिटर गटारात गेलं असतं. सवितानं साय काढली म्हणून टाकी वाचली. हे मी मनानं सांगत नाही. पुस्तकात लिहिलंय, साय काढलेलं दूध."

"पुस्तकात?" अक्कानं विचारलं.

"पुस्तकात. मी वाचलं होतं आणि विसरलो. चूक माझी. तुम्ही पंप बंद ठेवा म्हणालात तेही ऐकलं नाही, आणि वर तुम्हालाच नको ते बोललो. पहिल्या वर्षी तुम्ही मला मागं ओढलं नसतं तर मी आज हे सांगायलाही नसतो." बायकोनं बजावूनही मी जास्तच बोललो. मग बन्नीची पानं पुढं धरली.

अक्कानं पानं घेतली. ती माझ्याकडं वळेल असं मला वाटलं, पण ती दाराशी गेली. नमस्कार धाकट्यानं थोरल्याला करायचा आणि पानही त्यानंच द्यायचं ही रीत, पण तिनं स्वतः वाकून सवितेच्या हातात पानं ठेवली. "घे. बंगारासारखी ऱ्हा," ती म्हणाली. बंगार म्हणजे सोनं. सविता रडायला लागली आणि सासूच्या पायाशी वाकली.

"रडू नगं. साय कुठं ठिवलीस?"

"शिंक्यात हाय."

"मग तूप कढीव. डाळ शिजाय घाल. सायेब जेवून जातेत."

मी नको म्हटलं नाही. कढत्या तुपाचा वास घरभर पसरला, तो इतकी वर्षं नाकावर पोट भरणाऱ्या माणसाला अजूनही आठवतो. सवितानं पुरणाच्या पोळीवर ते तूप वाढलं, अक्का समोर बसून राहिली. मी दुसरी पोळी मोडत होतो तेव्हा ती म्हणाली, "चार नंबरची वाइन कधी काढणार?"

"परवा."

"मंग गाळ घासाय आत उतरावं लागंल. लई बसला आसंल." तिनं माझ्या ताटात आणखी तूप ओतलं. "येते मी परवा. दिवा माझा मीच आणते. तुमी तेवढा पंप बंद ठिवा."

मी मान हलवली. तोंडात घास होता म्हणून या वेळी जास्त बोलता आलं नाही, हे फार बरं झालं.